रियाधची रात्र आणि रक्तातली चरबी

रात्रीचे अकरा. रमजानात रियाधच्या बाजाराची हीच ऐन वेळ. मुलाबाळांसह कुटुंबं खरेदीला निघतात. पहाटे सहरी, म्हणजे उपवासाआधीचं जेवण, मग तुटक झोप.

तिथल्या किंग सौद विद्यापीठातले निद्रातज्ज्ञ डॉ. अहमद बाहम्माम अनेक वर्षं रमजानमधल्या झोपेचा अभ्यास करत आले आहेत. पण जागरण त्या महिन्यापुरतं नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या सौदी पाहणीत सुमारे एक तृतीयांश प्रौढांची झोप सात तासांहून कमी भरली.

याचा रक्ताशी काय संबंध? झोप अपुरी पडली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्तीची खूण देणारं लेप्टिन घटतं, असं काही प्रयोगांत दिसलं. मग मध्यरात्री कब्शाचं ताट समोर येतं: तुपातला भात, वर मांस. यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याचा वेगही रात्रीच जास्त असतो.

अनेक अभ्यासांत कमी झोपेसोबत ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, उतरलेलं आढळतं. नऊ तासांहून जास्त झोपणाऱ्यांतही काही वेळा हेच दिसतं. तिथे दडलेला आजार कारण असू शकतो. हा संबंध आहे, कारण असल्याचा ठाम पुरावा नव्हे. तरीही लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, अहवाल दाखवताना झोपेचे तासही डॉक्टरांना सांगावेत.