भरतीच्या वेळापत्रकावर चालणारं शहर

वाशीला सागर विहारजवळच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांच्या एका हाताला ठाण्याची खाडी असते, दुसऱ्या हाताला तळं. तळं शोभेचं असावं, असाच बहुतेकांचा समज. भर पावसाळ्यात, भरती ओसरायच्या सुमारास इथं थोडं रेंगाळावं, म्हणजे त्याचं खरं काम कळतं. अशा तळ्यांतून खाडीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेल्या जड झडपा असतात. खाडी चढली की तिच्याच पाण्याच्या दाबानं झडप मिटते. वस्तीतल्या नाल्यांचं पाणी मग तळ्यात साठत राहतं. ओहोटीनं खाडी तळ्याच्या पातळीखाली गेली, की आतलं पाणी झडप ढकलून गढूळ लोंढ्यानं बाहेर पडतं. ना वीज, ना बटण.

हे धारण तलाव सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, आखले. मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर तिचा आराखडा उभा राहिला. यातली बरीच जमीन खाजणाची, उधाणाच्या भरतीपेक्षा खालची. सगळीकडे उंच भराव घालायचा तर डोंगर पोखरावे लागले असते. त्यापेक्षा बांध घाला, जमीन बेताची उचला आणि भरतीच्या काही तासांत पडणारा पाऊस मावेल एवढी जागा मोकळी सोडा, असा हिशेब झाला. इथले आगरी शेतकरी बांध आणि उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी बांधातली दारं) यांच्या जोरावर खारभाताची शेती पिढ्यान्‌पिढ्या करत होतेच.

सिडकोचं कौतुक होतं ते भव्य रेल्वे स्थानकांसाठी. मला विचाराल तर विकता आली असती अशी जमीन पाण्यासाठी राखून ठेवणं हे तिचं जास्त धीट काम आहे.

पण तळं खोदून भागत नाही. दर भरतीला खाडी गाळ आणते. झडपेच्या फटीत प्लास्टिक अडकलं की ती पुरती मिटत नाही, खारं पाणी आत शिरतं आणि त्याबरोबर खारफुटीच्या शेंगाही. काही वर्षांत तळ्यात कांदळवन उभं राहतं आणि तळं उथळ होतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानं ते आणखी पक्कं केलं. ते योग्यच, किनारा तेच धरून ठेवतं. मात्र गाळ काढायचा तर झाडं तोडावी लागतात आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. तलाव सिडकोनं बांधलेले, देखभाल महापालिकेकडे, झाडं वनखात्याच्या अखत्यारीत. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते तोवर पावसाळा येतो. मग उधाणाला मुसळधार पावसानं गाठलं की पंप लावून पाणी उपसायचं. फुकट चालणारी व्यवस्था अशी डिझेल-विजेवर येते.

द्रोणागिरी या सिडकोच्या वसाहतीतही असेच तलाव राखले आहेत. तिथल्या झडपा कोण साफ करणार, गाळ किती वर्षांनी काढणार आणि पैसे कुठून येणार, हे वसाहत हस्तांतरित होण्याआधीच करारात यायला हवं. नंतर परवानगीचा अर्ज घेऊन गेलं, तर तळ्यात पुरुषभर उंचीची झाडं असतात.