टाचणीने जोडलेला सोळा-ए

२००५ साली कळवणच्या बस स्टँडजवळ एका गाळ्यात मी लोकांची रिटर्नं भरायला बसलो, तेव्हा टेबलावर कॅल्क्युलेटर, कार्बन पेपर आणि टाचण्यांची डबी एवढाच संसार होता. त्यात डबी सगळ्यांत मोलाची. पगारदाराला फॉर्म १६ मिळायचा. ठेकेदार, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, नकाशे काढून देणारे इंजिनिअर यांच्या हाती यायचा सोळा-ए: बिल किती, त्यातून कर कापला किती, खाली सही आणि शिक्का. ती मूळ प्रत ‘सरल’ फॉर्मला टाचायची आणि नाशिकला जाऊन पोच घेऊन यायची. सोळा-ए हरवला की कापलेला पैसा गेल्यातच जमा. एका ठेकेदाराने आपला सोळा-ए देव्हाऱ्यात सप्तशृंगीच्या तसबिरीमागे ठेवला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२००७ मध्ये आयटीआरचे नवे फॉर्म आले आणि रिटर्नला एकही कागद जोडू नका, असा हुकूम निघाला. लोक बिथरले. “मग आमचं कापलेलं त्यांना कळणार कसं?” कळणार होतं सव्वीस-एएसवरून. कोणी, कोणत्या पॅनवर, किती कर भरला, याची खात्याकडची नोंद म्हणजे सव्वीस-एएस. तिथे नाव नाही तर हातातल्या सोळा-एला किंमत नाही, हे गळी उतरायला मात्र काही वर्षं गेली.

एका प्राध्यापकांची गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव नको. त्यांच्या मानधनातून १० टक्क्यांनी ८,४०० रुपये कापले होते. सोळा-एवर नाव बरोबर, रक्कम बरोबर, शिक्काही ठळक. सव्वीस-एएस मात्र कोरा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी अक्षर-अक्षर बोट फिरवत गेलो, तेव्हा सापडलं: पॅनच्या चार आकड्यांतल्या दोहोंची अदलाबदल. दुरुस्तीचं विवरण भरायचं ते कापणाऱ्यानेच. ज्याचे कापले त्याच्या हाती फक्त खेटे. सर चौदा महिने संस्थेच्या कारकुनाच्या टेबलापाशी उभे राहिले. एप्रिल २०१२ पासूनच्या कपातीचा सोळा-ए खात्याच्याच प्रणालीतून उतरवून देणं सगळ्यांना सक्तीचं झालं, तेव्हा ही तऱ्हा बरीच कमी झाली.

पुढचे बदल भराभर आले. २०१६ च्या अर्थसंकल्पाने ४४-एडीए कलम आणलं: डॉक्टर, वकील, इंजिनिअर वगैरेंनी, जमा ठरावीक मर्यादेत असेल तर, तिच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि वह्यांच्या कटकटीतून सुटायचं. त्यासाठी आटोपशीर आयटीआर-४, नाव ‘सुगम’. नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, आलं आणि बँकेचं व्याजसुद्धा पडद्यावर दिसू लागलं. दरम्यान एक गैरसमज मी नेमाने खोडत आलो. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे म्हणून इथल्या आदिवासी मुलांना आयकर माफ, असं अनेकांना वाटतं. ती सवलत ईशान्येकडच्या ठरावीक भागांना आणि लडाखला आहे, आपल्याला नाही. उलट उत्पन्न करपात्र नसलं तरी कापलेला कर परत हवा तर रिटर्न भरावंच लागतं.

खरं दुखणं सुगमचं आहे. करोनाच्या साली अभोण्याकडचा एक सिव्हिल इंजिनिअर घरी परतला आणि नाशिकच्या फर्मसाठी घरूनच नकाशे काढू लागला. सोळा-ए मिळतो, जमा मर्यादेत, ४४-एडीए चपखल बसतं. पण नावावर दोन एकर कांदा! शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की सुगम बंद. मग लांबलचक आयटीआर-३. पाच हजार म्हणजे बऱ्या भावाला जेमतेम तीन क्विंटल कांदा. अहो, कळवणात असा कोण इंजिनिअर आहे, ज्याच्या घरी तेवढाही कांदा नाही? फॉर्म करणाऱ्याने माणूस एक तर व्यावसायिक असतो किंवा शेतकरी, असं गृहीत धरलेलं दिसतं.

काही जण शेतीचा रकाना कोरा ठेवून सुगमच भरतात. शेती करमुक्त, मग सांगायचं कशाला, हा त्यांचा हिशोब. तो चुकीचा आहे. कांद्यावर कर लागत नाही, पण बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर त्याचा दर ठरवताना कांद्याचे पैसे मोजले जातात. शिवाय बँक खात्यात आलेल्या रकमेबद्दल उद्या विचारणा झाली तर रिटर्नमध्ये तिचा मागमूस नसतो. म्हणून बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा. आता देव्हाऱ्यातली जागा त्यांना द्यायला हरकत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे. शेवटच्या तिमाहीचा सोळा-ए जूनच्या मध्याला मिळतो. तोवर घाई करू नका, आणि आलात की आधी पॅन कार्ड टेबलावर ठेवा.