पुनरारंभाची कसोटी

घरीं पाहुणा आला म्हणजे त्यास निराळी खोली दिली जाते. परंतु पाणी त्याच विहिरीचें, दिवा त्याच घरचा, आणि बाहेर पडावयाचा दरवाजाहि तोच असतो. संगणकांतहि अशी सोय करितां येते. विंडोज चालू असलेल्या यंत्राच्या पोटांत लिनक्स चालवावयाचें, किंवा ह्याच्या उलट करावयाचें, ह्यास आभासीकरण म्हणतात. मूळ प्रणाली ही यजमान, व तिच्या आश्रयानें राहणारी ती पाहुणी. ही कल्पना नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांकरितां १९७२ सालीं व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. पुढें १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीची वर्कस्टेशन ही आज्ञावली टेबलावरील लहान संगणकांसाठीं निघाली, आणि २००७ सालीं व्हर्च्युअलबॉक्स आलें. आज कित्येक विद्यार्थी आपले प्रकल्प अशा पाहुण्या प्रणालींतच करीत असतात.

ह्या विद्यार्थ्यांस वारंवार येणारी एक अडचण अशी. काल रात्रींपर्यंत सर्व सुरळीत होतें. आज संगणक पुन्हां सुरू केला, तों पाहुणी प्रणाली उठेना. आभासीकरणाची सेवा सुरू झाली नाहीं, एवढाच संदेश पडद्यावर दिसतो. घाबरलेला मनुष्य मग सर्व काढून टाकून नव्यानें बसवूं लागतो. निदानावांचून दिलेलें हें औषध प्रसंगीं घातकहि ठरतें. पाहुण्या प्रणालीची सबंध डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईल होय. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादींतून एखादें यंत्र काढूं गेल्यास, तें केवळ यादींतून काढावयाचें कीं त्याच्या सर्व फायलीहि पुसावयाच्या, असा प्रश्न विचारला जातो. तेथें घाईनें भलतें बटण दाबल्यास वर्षाचे श्रम क्षणांत नाहींसे होतात. म्हणून पहिला नियम हा कीं, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं त्या यंत्राच्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवावी. स्नॅपशॉट घेतला आहे एवढ्यावर विसंबूं नये. तो मूळ फाईलीवरच अवलंबून असतो, आणि ती गेल्यास त्याचा उपयोग नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुनरारंभ हा बहुधा बिघाडाचें कारण नसतो. आधींच घडलेला बदल तो उघडकीस आणतो. संगणक चालू असतां जुनी आज्ञावली त्याच्या स्मृतींत वावरत असते, आणि डिस्कवर मात्र तिची नवी आवृत्ति येऊन बसलेली असते. ह्या दोहोंतील तफावत यंत्र नव्यानें उठेपर्यंत कळून येत नाहीं. विंडोजमध्यें तर आणखी एक गंमत आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ सालापासून, जलद आरंभाची सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यानें प्रणालीचा गाभा पुरता मिटविला जात नाहीं. त्याची स्थिति डिस्कवर जपून ठेवून पुढच्या वेळीं तीच उचलली जाते. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व कांहीं अथपासून सुरू होतें. रोज रात्रीं संगणक बंद करूनहि दोष लपून राहतो व रिस्टार्ट करतांच प्रकट होतो, तो ह्यामुळें.

लिनक्सचें उदाहरण घेऊं. व्हर्च्युअलबॉक्सचा व्हीबॉक्सडीआरव्ही नांवाचा एक भाग थेट कर्नलमध्यें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांत, जाऊन बसतो. ज्या कर्नलसाठीं तो घडविला असेल, त्यासच तो जुळतो. सुधारणेबरोबर नवा कर्नल डिस्कवर येतो. परंतु चालू यंत्र जुन्याच कर्नलवर काम करीत राहतें. पुनरारंभ होतांच नवा कर्नल सूत्रें हातीं घेतो. कुलूप बदललें आणि किल्ली जुनीच राहिली, अशी मग अवस्था होते! ही किल्ली आपोआप नवी घडविणारी डीकेएमएस नांवाची व्यवस्था आहे. तथापि त्या कर्नलच्या हेडर फायली यंत्रावर नसतील तर तिचेंहि कांहीं चालत नाहीं. सबब चालू कर्नलची आवृत्ति पाहून तिच्याच हेडर फायली बसवाव्या व तो भाग पुन्हां घडवावा. बहुतेक वेळां एवढ्यानें काम भागतें.

न भागल्यास पुढील पायरी पाहावी. सिक्युअर बूट चालू असेल तर मान्य सही नसलेला भाग कर्नल आंत येऊं देत नाहीं. उबुंटूसारख्या प्रणालींत ह्या सहीची किल्ली नोंदविण्यासाठीं पुढील आरंभीं एक निळा पडदा येतो. त्याकडे दुर्लक्ष करून पुढें गेल्यास नोंद होत नाहीं. तिसरें कारण दोन सेवांमधील स्पर्धेचें. लिनक्स ६.१२ ह्या नोव्हेंबर २०२४ मधील कर्नलपासून त्याचा केव्हीएम हा भाग दाखल होतांच प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय आपल्या ताब्यांत घेऊं लागला. पूर्वीं तो पाहुणें यंत्र चालू करतेवेळींच ती घेत असे. त्यामुळें निर्दोष व्हर्च्युअलबॉक्सहि अडून बसल्याचीं उदाहरणें घडलीं. अशा वेळीं दोहोंपैकीं एकासच कामावर ठेवावें.

विंडोजमध्यें सेवेच्या अपयशाचा क्रमांक मिळतो, आणि तो फार बोलका असतो. १०५८ म्हणजे सेवा बंद करून ठेविली आहे. १०६८ म्हणजे ती ज्या दुसऱ्या सेवेवर अवलंबून आहे तीच उठली नाहीं. तेव्हां प्रथम त्या दुसरीकडे पाहावें. १०६९ म्हणजे सेवेच्या खात्यानें प्रवेश होऊं शकला नाहीं. पुष्कळदां कोणी परवलीचा शब्द बदललेला असतो. १०५३ म्हणजे तिनें ठरीव मुदतींत उत्तर दिलें नाहीं. ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. क्रमांक न वाचतां केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारांत फेकलेला दगड होय.

आणखी एक भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. सेवा आज सुरू करणें निराळें, आणि प्रत्येक आरंभीं ती आपोआप सुरू होईल अशी तजवीज करणें निराळें. हातानें सुरू केलेली सेवा चालूं लागली म्हणून निश्चिंत होणारास दुसरे दिवशीं तोच प्रसंग पुन्हां भोगावा लागतो.

सारांश, प्रथम प्रत काढावी, मग नोंदवही वाचावी, दरम्यान काय बदललें तें आठवावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदल एकदम केले तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. पालकांनींहि मुलांस एवढें सांगावें कीं, सुधारणा घेतल्यावर संगणक पुन्हां सुरू करण्याचें काम सवडीच्या दिवशीं मुद्दाम उरकून घ्यावें. कसोटी चुकत नाहीं. ती रविवारीं सकाळीं व्हावी, कीं प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्रीं, एवढेंच आपल्या हातीं असतें.