न सुटणारे आभासी दप्तर

जयपूरच्या उत्तरेस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. देवांच्या शिल्पकाराचे नाव धारण करणाऱ्या अशा वसाहतींत एके काळी बिघाड कानाला ऐकू येई किंवा नाकाला कळे. आता कारखान्यांचा हिशेब आणि मालसाठ्याची नोंद संगणक ठेवतो, आणि त्याचा बिघाड कळण्यास निराळ्या प्रकारची जाण लागते.

समजा, एखाद्या कारखान्यातील लिनक्सवर चालणारा संगणक सुरूच होईनासा झाला. दुरुस्ती करणारा त्याची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि ती ‘एमएनटी’ या निर्देशिकेवर ‘माउंट’ करतो, म्हणजे तेथे तिचे दप्तर उघडतो. मग प्रॉक, सिस आणि डेव्ह ही तीन आभासी दप्तरे तो तिच्या आत जोडतो. यांना आभासी म्हणण्याचे कारण असे की त्यांतील मजकूर डिस्कवर नसतोच. प्रॉकमधील फाइल वाचावयास घेतली की केर्नेल ती माहिती त्याच क्षणी तयार करून देतो. त्यानंतर ‘सीएच-रूट’ या आज्ञेने आत शिरून तो बिघडलेला भाग पुन्हा बसवतो आणि बाहेर येतो. काम फत्ते होते. पण ‘यू-माउंट’ म्हणताच उत्तर येते, ‘टार्गेट इज बिझी’.

हे उत्तर म्हणजे हटवादीपणा नव्हे. ती राखणदाराची सावधगिरी आहे. गोदामाला कुलूप घालण्यापूर्वी आत कोणी राहिले आहे काय, हे पाहावेच लागते. केर्नेल तेच पाहतो. कोणाची फाइल उघडी आहे, कोणी त्याच निर्देशिकेत उभा आहे, किंवा आत आणखी एखादे दप्तर जोडलेले आहे, यांपैकी एक कारणही पुरेसे असते.

येथे दोन आडवाटा मोह घालतात. ‘यू-माउंट’ला ‘एल’ हा पर्याय जोडला की दप्तर दिसेनासे होते. पण ते वापरणारी प्रक्रिया चालूच राहते. काम संपले असे समजून डिस्क उपटली, तर न लिहिलेल्या नोंदी वाया जातात. दुसरी वाट याहून घातक आहे. ‘फ्यूजर’ या आज्ञेला ‘के’ आणि ‘एम’ हे पर्याय देऊन आतील डेव्हवर चालविले, तर ती केवळ त्या निर्देशिकेचा विचार करीत नाही. तेच दप्तर बाहेरही वापरात असल्याने बाहेरच्या प्रक्रियाही बळी पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, तसा हा प्रकार होय.

आणि आभासी म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. दप्तर सुटले नसतानाच जो ती निर्देशिका पुसू लागेल, तो आत जोडलेले चालत्या संगणकाचे डेव्हही पुसून बसेल. 2016 च्या आरंभी सिसखाली जोडलेल्या अशाच एका आभासी दप्तरातील नोंदी पुसल्या गेल्याने काही लॅपटॉप सुरूच होईनासे झाल्याचे उघड झाले. कारण त्या नोंदी थेट मदरबोर्डच्या स्मृतीत होत्या. पुढे केर्नेलमध्ये त्यांना संरक्षण देण्यात आले.

योग्य मार्ग साधा आहे. प्रथम स्वतः त्या निर्देशिकेतून बाहेर यावे. ‘फाइंडमाउंट’ने कशाच्या आत काय जोडले आहे ते पाहावे आणि जोडणीच्या उलट क्रमाने, आतून बाहेर, एकेक सोडवावे. तरीही अडले, तर प्रॉककडेच वळावे. तेथे प्रत्येक प्रक्रियेच्या क्रमांकाखाली ‘रूट’ आणि ‘सीडब्ल्यूडी’ असे दोन दुवे असतात. प्रक्रिया कोणत्या मुळाशी बांधलेली आहे आणि कोठे उभी आहे, हे ते सांगतात. ज्याचा दुवा एमएनटीकडे बोट दाखवील, तो गुंता. पुष्कळदा पॅकेज बसविताना आपोआप सुरू झालेली एखादी सेवाच तेथे आढळते. तिला रीतसर थांबवावे. कोणतीच प्रक्रिया सापडली नाही, तर आत स्वॅप फाइल किंवा लूप उपकरण चालू आहे काय ते तपासावे. कारण ही केर्नेलच्या स्वतःच्या हाती असतात आणि प्रक्रियांच्या यादीत दिसत नाहीत.

एवढे झाल्यावर यू-माउंट कसलेही उत्तर न देता पार पडते. लिनक्सच्या रीतीत ते मौन हीच संमती. उरलेल्या नोंदी तेव्हा डिस्कवर उतरलेल्या असतात, आणि कारखान्याचा हिशेब सुखरूप परत नेता येतो.