वाकडा कट, चांगलं मशीन

“वाकडं कापतं हो, म्हणूनच काढतोय.” शिरोली एमआयडीसीतल्या एका बंद होत आलेल्या फॅब्रिकेशन शॉपच्या मालकांनी एवढं सांगितलं आणि 7 इंची आडवी बँडसॉ मला भंगाराच्या भावाने, काट्यावर तोलून दिली. आज तीच बँडसॉ 50 मिमीचा बार गुण्यात कापते. ती घेण्याच्या दोन वर्षं आधी मी ताजा रंग मारलेलं, चकचकीत मशीन दुप्पट पैसे मोजून आणलं होतं. त्याचा गिअरबॉक्स तीन महिन्यांत गेला. जुन्या बँडसॉबद्दल वर्कशॉपमध्ये जे समज पक्के होऊन बसलेत, त्यांच्यामुळे चांगली मशीनं भंगारात जातात आणि कामातून गेलेली घरी येतात, हे मी असं पैसे घालवून शिकलो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे वाकडा कट पडला की मशीन बाद. कट वाकडा जातो तो बहुतेक वेळा ब्लेड, गाइड किंवा व्हाइसमुळे, आणि या तिन्ही गोष्टी पान्याने, नाहीतर थोडक्या खर्चात सुधारतात. दोष नेमका कुठे आहे ते शोधायला एक साधी चाचणी पुरते. 50 मिमीचा गोल बार व्हाइसमध्ये धरायचा, वरच्या बाजूला मार्करने खूण करायची आणि टोक कापून टाकायचं. मग बार अर्धा फिरवायचा, म्हणजे खूण खाली येते, आणि 5 मिमीची चकती काढायची. बार न फिरवता चकती काढली तर दोन्ही कट सारखेच तिरके जातात आणि चकती सगळीकडे सारख्याच जाडीची दिसते. इथेच बरेच जण फसतात. फिरवल्यावर मात्र चूक दुप्पट होऊन दिसते. आता व्हर्नियर लावा. वर आणि खाली जाडीत फरक असेल तर ब्लेड उभं सरळ उतरत नाही, म्हणजे गाइड बघायचे. पुढच्या आणि मागच्या बाजूत फरक असेल तर व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात नाही. आणि कापलेला भाग मध्येच पोटासारखा फुगलेला किंवा खोलगट असेल तर ब्लेड बोथट आहे, ताण कमी आहे किंवा दाब जास्त आहे.

माझ्या चकतीत वर-खाली 1.2 मिमीचा फरक आला. गाइडच्या बेअरिंग काढल्या तर चारपैकी दोन जाम होत्या आणि त्यांच्या अंगावर ब्लेडने खाच पाडलेली होती. बेअरिंग बदलल्या. एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून त्या ब्लेडला इतक्याच टेकवल्या, की मशीन बंद असताना बोटाने फिरवल्यावर किंचित अडतील. मग बेडवर गुण्या उभा करून ब्लेडच्या अंगाला लावला. दातांना नाही, कारण दात दोन्ही बाजूंना वळवलेले असतात आणि गुण्या खोटं दाखवतो. सरकता गाइड जॉबच्या अगदी जवळ आणला. ही शेवटची गोष्ट लोक सर्रास विसरतात. तुळईच्या हिशोबाने आधाराविना सुटलेली लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच दाबाला वाकणं आठपट होतं. ब्लेडच्या ताणाने ते कमी होतं, पण गाइड लांब ठेवून सरळ कटाची अपेक्षा धरू नये. पुढच्या चकतीत फरक 0.1 मिमीच्या आत आला.

आता याच्या उलट. “मोटर फिरते, ब्लेड फिरतं, म्हणजे मशीन ओके.” माझ्या पहिल्या मशीनची मोटर फार छान फिरत होती. मोटर जळाली तर रिवाइंड होते. जीव गिअरबॉक्समध्ये असतो. या मशीनांत बहुधा वर्म आणि ब्राँझचं वर्म व्हील असतं. गिअरबॉक्सचा ऑइल प्लग काढून बघा आणि पट्टा उतरवून ब्लेडचं चाक हाताने मागेपुढे हलवा. वर्म हलायच्या आधीच चाक बरंच मोकळं फिरत असेल तर दात झिजलेत. चमचाभर ऑइल बाहेर काढून उन्हात धरा. थोडी सोनेरी झाक चालते. तळाशी सोनेरी गाळ साचला असेल तर ते ब्राँझ दातांचं आहे. नवं वर्म व्हील गिअर कटिंगवाल्याकडून करून घेता येतं, पण तो खर्च किमतीत धरल्याशिवाय सौदा करू नका. चाकांच्या कडाही बघा. ब्लेडची पाठ घासून कड पातळ झाली असेल तर ब्लेड जागेवर राहणार नाही. ओतीव फ्रेमला तडा दिसला तर भाव न विचारता निघा.

लाकडाची बँडसॉ स्वस्तात मिळते म्हणून तिच्यात लोखंडाचं ब्लेड टाकायचं, ही कल्पनाही अधूनमधून कानावर येते. लाकडाच्या मशीनचं ब्लेड मिनिटाला 900 मीटर किंवा त्याहून जास्त धावतं. एमएसला 60 ते 80 मीटरचा वेग लागतो, स्टेनलेसला 30-40. म्हणजे वेग बारा-पंधरापट खाली आणावा लागतो. नुसती पुली बदलून ते होत नाही, गिअरबॉक्स बसवावाच लागतो. बसवला नाही तर दातांची धार काही सेकंदांत जळते.

ब्लेडच्या बाबतीत “बारीक दात म्हणजे साफ कट” एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. दात इंचाला किती हे जॉबच्या जाडीवर ठरतं. कटमध्ये एका वेळी निदान तीन दात हवेत. फार झाले तर दातांमधल्या पोकळीत कीस मावत नाही. 100 मिमीच्या भरीव बारला इंचाला 14 दातांचं ब्लेड लावलं तर पंचावन्न दात एकदम आत असतात. कीस कोंबला जातो, ब्लेड नुसतं घासतं. तिथे इंचाला 4 ते 6 दातांचं, म्हणजे 4/6 ब्लेड हवं. तेच 4/6 पाच मिमीच्या अँगलवर चालवलंत तर जेमतेम एकच दात बसतो आणि दात उडतात, तिथे 10/14. अँगल नेहमी तंबूसारखा पालथा, दोन्ही कडा खाली टेकवून धरायचा. आणि नवं ब्लेड कापतच नसेल तर दुकानात परत नेण्याआधी दातांची दिशा बघा. पट्टी आतबाहेर उलटली की दात उलटे होतात.

बोवर, म्हणजे ब्लेडच्या चौकटीवर, वजन टांगून काम लवकर होतं हेही खरं नाही. दाब किती हवा ते कीस सांगतो. भुकटी पडत असेल तर दाब कमी, निळा-काळा कीस आला तर जास्त. चंदेरी, कोमट, वळलेला कीस आला की तिथेच थांबा. बो झटक्याने खाली येत असेल तर हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये हवा शिरली आहे किंवा सील गेलंय. ते काम अर्ध्या दिवसाचं.

कूलंट बनवताना पाण्यात ऑइल ओतायचं, ऑइलमध्ये पाणी नाही. साधारण दहाला एक. बीड मात्र कोरडंच कापावं.

थ्री फेज मोटर म्हणून घरचं गिऱ्हाईक मागे फिरतं. लहान मोटर सिंगल फेजवर व्हीएफडीने चालू शकते, पण कनेक्शन डेल्टात बदलता येतं का, हे टर्मिनल बॉक्स उघडून वायरमनला आधी दाखवा.

ब्लेड सावकाश फिरतं म्हणून मशीन निर्धोक समजतात, त्याची मला फार काळजी वाटते. ब्लेड हाताळताना हातमोजे घाला आणि मशीन चालू करण्याआधी काढा. दातात मोजा अडकला तर बोट त्याच्याबरोबर जातं. कीस ब्रशनेच झाडायचा, तोही मशीन थांबल्यावर.

सगळं जुळवून नवं बायमेटल ब्लेड चढवलं, की पहिले काही कट निम्म्या दाबाने घ्यायचे. नव्या दातांची धार केसासारखी पातळ असते, पूर्ण दाबाखाली तिचे कण तुटतात. शिरोलीहून आणलेल्या मशीनवर पहिले पाच बार मी तसेच सावकाश कापले, कानोसा घेत. सहाव्याला दाब वाढवला तेव्हा आवाज एकसारखा होता आणि चंदेरी कीस ट्रेमध्ये पडत होता.