राजपुत्राची उडी

'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधला राजपुत्र धावता धावता एकदम थांबत नाही. बटण सोडलं तरी थोडा घसरतोच, आणि पुढे खड्डा असला तर थेट खिळ्यांवर. 1989 साली ही नवलाई होती. तोवर बहुतेक खेळांतली माणसं चेंडूसारखी टुणटुण उडायची. ह्याच्या अंगाला वजन होतं.

ते वजन खेळाच्या निर्मात्याने, जॉर्डन मेकनरने, भावाकडून उसनं घेतलं. 1985 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या चापाक्वा गावात त्याने धाकट्या डेव्हिडला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओवर चित्रण केलं. मग टीव्हीवर चित्र थांबवून एकेक फोटो काढायचा, रोल धुऊन आणायचा, काळ्या मार्करने आकृती उठवायची आणि ती संगणकात चढवायची. तलवारबाजी 1938 च्या रॉबिनहूड चित्रपटातल्या एरॉल फ्लिनच्या द्वंद्वावरून घेतली. संगीत वडिलांचं. घरचंच कार्य म्हणायचं!

खेळ ज्यावर बनला त्या अ‍ॅपल टू संगणकाची मेमरी इतकी तुटपुंजी की तोडीस तोड शत्रू काढायला जागाच उरली नाही. मेकनरने राजपुत्राचंच चित्र किंचित सरकवून स्वतःवर छापलं, आणि चमचमणारी सावली तयार झाली. ती आरशातून बाहेर पडते, औषधाची बाटली पळवते, ऐन वेळी दार लावून घेते. शेवटी समोर येते तेव्हा तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालून गेलं की दोघं एक होतात. अख्ख्या मालिकेत याहून सरस कल्पना मला सापडलेली नाही, आणि ती निघाली अडचणीतून.

आपल्याकडे हा खेळ हातोहात फिरला तो फ्लॉपीवरून. मूळ खेळात पहिल्या टप्प्यानंतर पुस्तिकेतलं अक्षर विचारून योग्य बाटली प्यायला सांगत; कॉपी केलेल्या फ्लॉपीबरोबर पुस्तिका कुठून येणार? डॉसच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स'पुढे 'मेगाहिट' टाइप केलं की मात्र खेळ संपवायची साठ मिनिटांची मुदतही वाढवून घेता येई.

मधली पडझड भराभर सांगतो. 1999 चा त्रिमितीय प्रयत्न आपटला. 2003 मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्यात चुकलेली उडी वेळ मागे फिरवून सुधारता येते, पण त्यासाठी लागणारी वाळू मोजकीच. माफी मिळते, फुकट नाही. पुढचे भाग रक्तपातात रमले आणि 2010 नंतर मालिका बराच काळ गप्प झाली.

2020 मध्ये याच 'सँड्स'च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली आणि काम होतं युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईतल्या स्टुडिओंकडे. पहिल्या झलकीतल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली, ठरलेली तारीख हुकली आणि 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. आपल्या पोरांच्या पदरात पडलं ते ओझंही मोठंच होतं.

खरं पुनरुज्जीवन दुसरीकडूनच झालं. जानेवारी 2024 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओचा 'द लॉस्ट क्राउन' आला. खेळ पुन्हा बाजूने दिसणारा, नायक सार्गोन नावाचा योद्धा, पार्श्वभूमी काफ पर्वताची आणि सीमुर्ग पक्ष्याच्या पुराणकथेची. संवाद फारसीतूनही ऐकता येतात. इराणच्या नावावर पस्तीस वर्षं चाललेल्या मालिकेला हे सुचायला उशीरच झाला. समीक्षकांनी वाखाणलं, विक्रीने निराश केलं, आणि त्याच वर्षी तो चमू पांगवला गेला. त्याच सुमारास ईव्हिल एम्पायर या फ्रेंच कंपनीचा 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' आला, तोही बाजूनेच दिसणारा. त्यात राजपुत्र भिंतींवरून सुसाट धावतो. मेला की मोहीम पुन्हा पहिल्यापासून.