आयडीचा बाजार

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी अशी एकेकाळी बाजरीची आणि आता मोटारींच्या सुट्या भागांची झालेली गावे सुरू होतात. या गावांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली चाळवजा इमारतींमधून लातूर, नांदेड, बीड, जालना, वाशीम अशा जिल्ह्यांतून आलेली, ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव असलेली परंतु कारखान्याच्या कायम कामगारांच्या यादीत कोठेही नसलेली तरुण मुले कॉट बेसिसवर राहतात. दिवसपाळीची मुले बसमध्ये चढतात तेव्हा रात्रपाळीची मुले त्याच खोलीत परततात. आंघोळ, मेसचा डबा आणि झोप यांच्या मधल्या त्या तास-दोन तासांत येथे एक व्यापार चालतो, ज्याची नोंद बाजार समितीच्या, करखात्याच्या किंवा कामगार आयुक्तांच्या दप्तरात सापडणार नाही. तो व्यापार आहे बीजीएमआय या मोबाइलवरील खेळाच्या आयडींचा, म्हणजे खात्यांचा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगतो. पब्जी मोबाइलवर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय, या नावाने पुन्हा आणला; जुलै २०२२ मध्ये तो ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. खेळ फुकट आहे, परंतु ‘यूसी’ या त्यातील चलनाला रुपये मोजावे लागतात. आणि यूसी देऊन ‘क्रेट’ म्हणजे पेटी उघडल्यावर एखादा एक्स-सूट हा पोशाख किंवा एम-४१६ बंदुकीची ‘ग्लेशियर’ सजावट हाती लागेल की नाही, हे संभाव्यतेच्या अगदी क्षुल्लक टक्केवारीवर अवलंबून असते. अशी मिळालेली वस्तू एका खेळाडूने दुसऱ्याला विकावी, ही सोय खेळात नाही. माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. ज्याला केवळ एक बंदूक विकायची आहे, त्याला तिच्याबरोबर आपले नाव, आपला दर्जा, जमवलेले सवंगडी, वर्षानुवर्षांचा खेळ आणि ज्या ईमेलवर ते खाते उघडले तो ईमेलसुद्धा विकावा लागतो. आणि कंपनीच्या अटींनुसार खात्याचे हस्तांतरण निषिद्ध असल्यामुळे हे सर्व लपूनछपून करावे लागते.

महाळुंग्याच्या एका खोलीत असा एक सौदा मला आरंभापासून अखेरपर्यंत पाहता आला. विकणारा मुलगा परभणीकडचा. मोटारीच्या वायरिंगच्या कामावरून त्याला ‘ब्रेक’ मिळाला होता, म्हणजे ठेक्याची मुदत संपवून पुन्हा नव्याने घेईपर्यंत घरी बसवण्यात आले होते, आणि खोलीचे भाडे व मेसचे पैसे थकले होते. त्याने मोबाइलची काच शर्टाच्या टोकाने पुसली, स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केले आणि आपला सारा संग्रह तो एकेका पोशाखावर थांबत, अंगठा अतिशय सावकाश सरकवत दाखवू लागला. जेथे वस्तू दुर्मिळ तेथे तो दोन क्षण अधिक थांबे, कारण घेणारा नेमका तेथेच चित्रफीत थांबवून पाहतो. खेळातील नाव आणि क्रमांक मात्र त्याने काळ्या पट्टीने झाकले, नाहीतर कोणी हितशत्रू त्या क्रमांकाची तक्रार कंपनीकडे करून खाते बंद पाडील. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर मजकूर पडला: ग्लेशियर मॅक्स, सिंगल लॉगिन, फर्स्ट ओनर, एमएम चालेल.

या चार शब्दसमूहांत त्या बाजाराचे सारे व्यवहारज्ञान साठलेले आहे. ग्लेशियर मॅक्स म्हणजे बंदुकीची ती सजावट शेवटच्या पातळीपर्यंत वाढवलेली आहे. सिंगल लॉगिन म्हणजे खाते एकाच ईमेलला जोडलेले आहे, मागच्या दाराने शिरण्यासाठी फेसबुक किंवा ट्विटरची दुसरी जोडणी नाही. फर्स्ट ओनर म्हणजे हे खाते याआधी विकले गेलेले नाही. एमएम म्हणजे मध्यस्थ: तो आधी विकणाऱ्याकडून लॉगिन घेतो, ईमेलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलतो, घेणाऱ्याकडून पैसे आपल्याकडे जमा करून घेतो आणि आयडी सुखरूप पोहोचल्याची खात्री पटल्यावर आपली दलाली कापून उरलेली रक्कम विकणाऱ्याला पाठवतो. नऊ हजारांपासून सुरू झालेली बोलणी साडेसहा हजारांवर मिटली. घेणारा कोल्हापूरकडचा होता. त्याने व्हिडिओ कॉलवर आयडी उघडून दाखवायला लावली, आणि मध्यस्थाने तीनशे रुपये घेऊन दोन दिवसांनी पैसे सोडले. कागदाचा एक कपटासुद्धा या व्यवहारात निर्माण झाला नाही.

सौद्यापूर्वीचे एक काम मात्र माझ्या मनातून जात नाही. ईमेल दुसऱ्याच्या हाती जाणार म्हणून तो मुलगा त्यातील एकेक गोष्ट उचलून नव्या ईमेलवर पाठवत बसला होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काका, गेम गेला त्याचं काही नाही. पण मेलमध्ये आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, आधारची कॉपी होती, आजीचे फोटो होते. ते आधी काढून घेतले.” फोटो काढून झाल्यावर तो ते पुन्हा एकदा मोजून पाहत होता.

एवढे करूनही घेणाऱ्याची मालकी पक्की होतेच असे नाही. ज्याने ईमेल मुळात उघडला त्याला जुना क्रमांक, जुना मोबाइल, जुने पासवर्ड यांच्या आधारे तो परत मिळवण्याचा मार्ग पुष्कळदा खुला राहतो, आणि पैसे घेऊन आठ-पंधरा दिवसांनी आयडी खेचून घेण्याचे प्रकार या मंडळींना नवे नाहीत. उलट बाजूने विकणाऱ्याला पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवला जातो, किंवा मध्यस्थच नाहीसा होतो. फसलेला मनुष्य तक्रारीला जात नाही, कारण आपणच अट मोडली आहे या भयाने त्याचे तोंड आधीच बंद झालेले असते.

त्याच खोलीतील दुसरा एक मुलगा वस्तू विकत नाही, श्रम विकतो. दुसऱ्याच्या आयडीवर खेळून ती क्राउन किंवा एस या दर्जापर्यंत चढवून द्यायची, याला ही मुले ‘रँक पुश’ म्हणतात. रात्रपाळीहून आल्यावर तो कानात हेडफोन घालून भिंतीला टेकून बसतो आणि डोळे मिटू लागले तरी सामना सोडत नाही, कारण मध्येच उठला तर दर्जा घसरतो आणि ठरलेले पैसे कापले जातात. “कंपनीत निदान ओटी तरी मांडला जातो,” एवढेच तो म्हणाला. चीनमधील नानजिंग शहरात बारा-बारा तासांच्या पाळ्या करून खेळातले सोने खणणाऱ्या मजुरांची हकिगत ज्युलियन डिबेल याने २००७ साली लिहिली होती. ती वाचताना जे दूरचे वाटले होते, ते शेजारच्या चाकणपासून हाकेच्या अंतरावर पाहायला मिळाले.

खेळातल्या वस्तू खऱ्या पैशांत विकण्याचा हा प्रश्न जगात इतरत्र कसा हाताळला गेला, हे पाहण्यासारखे आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न खऱ्या डॉलरांत मोजले, तेव्हापासून या व्यवहारांना पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. ‘रूनस्केप’च्या चालकांनी सोने विकणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी जानेवारी २००८ पासून खेळाडूंमधील मुक्त देवघेवच जवळजवळ बंद केली, त्या उपायाने प्रामाणिक खेळाडूच नाडले गेले, आणि अखेर खेळाडूंचे मत घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. ‘डायब्लो थ्री’ने २०१२ साली खऱ्या पैशांचा अधिकृत लिलाव उघडला, परंतु राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा ते विकत घेणेच सोपे झाल्यामुळे खेळाचा प्राणच गेला आणि मार्च २०१४ मध्ये तो लिलाव बंद झाला. आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने मात्र २००७ साली एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीस ठेवला, पुढे खेळण्याच्या मुदतीचे विक्रीयोग्य प्रमाणपत्र काढले, खेळाडूंचे निवडून आलेले मंडळ नेमले, आणि खेळातील उत्पादन, भाव व नाश यांचा मासिक अहवाल त्या खेळाचे चालक प्रसिद्ध करतात. तेथेही चोरटी विक्री संपलेली नाही, परंतु उजळ मार्ग उपलब्ध असल्यामुळे चोरट्या मार्गाचे आकर्षण पुष्कळ घटते.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली, की ती जुगाराकडे वळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी रुपये जिंकले आणि त्याला निलंबित व्हावे लागले, तेव्हा साऱ्या शहराने त्यावर मत दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. जिंकण्याच्या आशेने पैसे, किंवा पैशांच्या मोलाची नाणी व टोकन, लावून खेळायचे खेळ त्याने बंद केले आणि असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. हे योग्यच झाले. परंतु ज्याने पैज लावलेली नाही, ज्याने केवळ आपल्या वेळेचे आणि कौशल्याचे फळ विकले, त्या महाळुंग्याच्या मुलाविषयी कायदा स्वतंत्रपणे काही बोलत नाही.

न्याय्य बाजार कसा असावा हे शिकायला त्या मुलाला आइसलंडपर्यंत जावे लागत नाही. चाकणच्या मार्केट यार्डात ते दिसते. तेथे कांद्याचा ढीग सर्वांसमोर फोडला जातो, बोली मोठ्याने लागते, भाव वहीत चढतो आणि हमाली, तोलाई वेगळी दाखवलेली पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. त्या व्यवहारातही शेतकऱ्याला पुष्कळदा रडावे लागते, हे मला ठाऊक आहे. पण आपला माल कोणत्या भावाने कोणी घेतला, हे तो चारचौघांत सांगू शकतो आणि तंटा झाल्यास दाद मागायला समितीचे कार्यालय आहे. आयडीच्या बाजारात यांपैकी एकही गोष्ट नाही.

म्हणून खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, आणि ‘इंडस’सारखा खेळ जेथे तयार झाला त्या पुण्यातील निर्मात्यांना ती विशेषत्वाने आहे, की खेळाडूला एखादी वस्तू खेळातल्या खेळातच, माफक मर्यादेत, पावती देऊन दुसऱ्याला देता येईल अशी तरतूद करावी, आणि झालेल्या व्यवहारांचे भाव उघडपणे मांडावेत. जिंकण्याची शक्ती विकू नये. शोभेची वस्तू विकू द्यावी. तसे होईपर्यंत या खोल्यांतील मुलांनी एवढे करावे: ज्या ईमेलवर आपली प्रमाणपत्रे आणि बँक आहे त्यावर खेळाचे खाते कधीही उघडू नये, आणि पैसे बुडाले तर गप्प न बसता त्याच तासात १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे. कंपनीची अट मोडली जाणे ही एक गोष्ट आहे आणि ठकवले जाणे ही दुसरी. पहिलीच्या भीतीने दुसरी सोसण्याचे कोणालाही कारण नाही.